विश्लेषण : दाताला लागणारी ‘कीड’ येते कुठून? विलोबी मिलर यांनी ते कसे शोधले?

गळीत हंगाम सुरू झाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात उसाने भरलेल्या ट्रॉल्या गुंजच्या साखर कारखान्याकडे धावू लागतात. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात पाण्याची सोय असलेल्या शिवारात उसाने जागा धरली आहे. साखर आता घरोघरी आहे. सकाळचा चहा-टोस्ट, दुपारचा चहा, पाहुणे आले की पुन्हा चहा आणि लेकरू रडले की हातात बिस्किटाचा पुडा. काही वर्षांत तेच लेकरू गाल धरून बसते आणि घरात एकच वाक्य ऐकू येते : दाढेला कीड लागली.

ही ‘कीड’ म्हणजे नेमके काय? खाण्याशी तिचा संबंध कसा? ती रोखता येते का? या प्रश्नांची पहिली भक्कम उत्तरे एका अमेरिकी माणसाने बर्लिनमध्ये शोधली. विलोबी डेटन मिलर (१८५३-१९०७) हे त्यांचे नाव. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते आजही पहिल्याच वर्षांत भेटते.

दातात खरोखर अळी असते का?

नाही. मात्र ही समजूत जगभर होती आणि हजारो वर्षे टिकली. मराठीत आपण आजही ‘दात किडला’ असेच म्हणतो. गावाकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली ‘अळी पाडण्याचा’ उपाय केला जाई. युरोपातही अशाच एका रानटी झाडाच्या बिया जाळून धूर देत. जळालेल्या बीमधून बाहेर आलेला कोंब अळीसारखा दिसे आणि रोग्याला वाटे, कीड पडली. धुराने काही वेळ ठणका कमी झाला, तरी दातातले भोक तसेच राही.

फ्रान्सचे पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये दंतवैद्यकावरील आपल्या ग्रंथात अळीची कल्पना नाकारली. दातावर आम्लाचा परिणाम होतो, असे पुढे अनेकांना वाटू लागले. पण हे आम्ल तोंडात येते कुठून, हे कोणाला नीट सांगता येत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काहींनी किडलेल्या दातात सूक्ष्मजंतू पाहिले. आम्लवाले एका बाजूला आणि जंतूवाले दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होती.

मिलर दंतवैद्यकाकडे कसे वळले?

जवळजवळ योगायोगाने. अमेरिकेच्या ओहायो राज्यात अलेक्झांड्रिया नावाच्या छोट्या गावात १ ऑगस्ट १८५३ रोजी त्यांचा जन्म झाला. मिशिगन विद्यापीठातून १८७५ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्यांची ओढ गणित आणि भौतिकशास्त्राकडे होती. पुढच्या अभ्यासासाठी ते आधी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला आणि मग बर्लिनला गेले. तिथे पैशांची अडचण आली. परक्या देशात शिक्षण अर्धवट राहण्याची वेळ आली.

त्या वेळी बर्लिनमध्ये फ्रँक अ‍ॅबट नावाचे अमेरिकी दंतवैद्य व्यवसाय करत होते. त्यांनी या तरुणाला आधार दिला. अ‍ॅबट यांच्या सहवासात मिलर यांना दंतवैद्यकाची गोडी लागली. ते अमेरिकेत परतले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १८७९ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि त्याच वर्षी अ‍ॅबट यांची मुलगी कॅरोलिन हिच्याशी लग्न केले. मग ते पुन्हा बर्लिनला आले आणि सासऱ्यांसोबत काम करू लागले.

१८८४ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना दंतवैद्यकाचे अध्यापक नेमले. परदेशी माणसाला असे पद मिळणे त्या काळी सोपे नव्हते.

बर्लिनच का महत्त्वाचे ठरले?

कारण तिथे रॉबर्ट कॉख होते. क्षयरोगाचा जंतू १८८२ मध्ये जगापुढे आणणारे आणि १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूवर काम करणारे हेच ते कॉख. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईतही आले होते. एकेक जंतू वेगळा काढून वाढवायचा आणि तो नेमके काय करतो ते पाहायचे, ही पद्धत त्यांनी रुळवली होती. मिलर यांनी कॉख यांच्या प्रयोगशाळेत ही पद्धत आत्मसात केली.

मिलर यांचा पाया भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा होता, हात दंतवैद्याचे होते आणि आता जंतू वाढवण्याची कलाही अंगी आली. त्या काळात या तिन्ही गोष्टी एका माणसाकडे असणे दुर्मीळ होते. आम्ल आणि जंतू यांच्यातला संबंध त्यांनाच दिसावा, याचे एक कारण हेही असावे.

प्रयोग नेमका काय होता?

प्रयोग साधा होता. काढून टाकलेले दात घ्यायचे, ते माणसाच्या लाळेत ठेवायचे आणि लाळेत वेगवेगळे अन्न मिसळायचे. मग ते सारे शरीराच्या तापमानाइतके उबदार ठेवून वाट पाहायची.

पाव किंवा साखर मिसळलेल्या लाळेतले दात हळूहळू मऊ पडले, त्यांच्यातले क्षार विरघळले. मांस मिसळलेल्या लाळेत तसे झाले नाही. चरबीनेही दाताचे काही बिघडले नाही. मग त्यांनी लाळ आणि पाव आधी उकळून घेतले. आता पाव होता, लाळ होती, दातही होता, पण दात झिजला नाही. उकळल्याने जंतू मेले होते.

म्हणजे दाताला थेट साखर खात नव्हती आणि जंतूही दात कुरतडत नव्हते. तोंडातले जंतू साखर आणि पिष्टमय अन्न आंबवत होते, त्यातून आम्ल तयार होत होते आणि ते आम्ल दाताचे क्षार विरघळवत होते. दूध विरजताना जे लॅक्टिक आम्ल तयार होते, ते यात प्रमुख होते. दही लावणाऱ्या प्रत्येक घराला ही क्रिया ओळखीची आहे.

मिलर यांनी तोंडातले वीसहून अधिक प्रकारचे जंतू वेगळे काढून तपासले. त्यातले अनेक आम्ल तयार करणारे निघाले. १८९० मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ग्रंथात हा सारा सिद्धांत मांडला आहे. रसायन आणि जंतू या दोन्हींना त्यात जागा असल्याने त्याला रासायनिक-परजीवी सिद्धांत म्हणतात. दात स्वच्छ ठेवणे आणि तोंडात लवकर आंबणारे अन्न मर्यादित करणे, हे प्रतिबंधाचे मार्गही त्यांनी त्यातच सांगितले.

त्यांचे कुठे चुकले?

प्रत्येक सिद्धांताला मर्यादा असतात. आम्ल करणारा कोणताही जंतू दात किडवू शकतो, असे मिलर मानत होते. लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जंतू शोधला. आज तो स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या नावाने ओळखला जातो आणि दातकिडीतला एक प्रमुख गुन्हेगार मानला जातो.

दातावर जमणाऱ्या चिकट थरालाही मिलर यांनी पुरेसे महत्त्व दिले नाही. सकाळी जीभ फिरवली की दातावर जो बुळबुळीत लेप जाणवतो, तोच हा थर. जंतू त्याच्या आश्रयाने राहतात आणि त्यांचे आम्ल दाताला चिकटून राहते. लाळेला तिथे पोहोचून ते आम्ल धुऊन काढणे अवघड जाते. म्हणून नुसत्या चुळा पुरत नाहीत, घासून तो लेप काढावा लागतो.

तोंडातले जंतू शरीराच्या इतर भागांत रोग पसरवू शकतात, असेही मिलर यांनी १८९१ मध्ये मांडले. ते स्वतः दात उपटण्यापेक्षा उपचार करून वाचवण्याच्या बाजूचे होते. पण पुढच्या दशकांत काही डॉक्टरांनी ही कल्पना टोकाला नेली. सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत कशावरही उपाय म्हणून असंख्य लोकांचे वाचवता येण्याजोगे दात काढले गेले. अर्धवट समजलेल्या विज्ञानाची ही किंमत होती.

किती खातो की किती वेळा खातो?

मिलर यांनी आम्लाचा उगम दाखवला, पण तोंडात ते किती वेळ टिकते हे त्यांच्यानंतर कळले. दाताचे वरचे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तरी तोंडाचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागते. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच सामू घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागू शकतो. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवले.

त्या मधल्या वेळात लाळ दुरुस्ती करते. तिच्यातले क्षार दातात परत बसतात. दिवसातून तीनदा खाणाऱ्याच्या दाताला दुरुस्तीला भरपूर वेळ मिळतो. दर तासाला घोटभर गोड चहा, मध्येच बिस्कीट, मग गोळी, असे चालले तर दुरुस्तीची वेळच येत नाही. दोघांनी दिवसभरात सारखीच साखर खाल्ली तरी थोडी थोडी, वारंवार खाणाऱ्याचे दात लवकर किडतात.

याचा सर्वांत ठळक पुरावा स्वीडनमधून आला आणि तो मिळवण्याची पद्धत लाजिरवाणी होती. लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म संस्थेत मतिमंद रुग्ण ठेवलेले होते. १९४० च्या दशकात त्यांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देण्यात आली. काहींना जेवणासोबत गोड मिळाले, काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या. टॉफ्या खाणाऱ्यांचे दात सर्वांत जास्त किडले. संमती देण्याची क्षमता नसलेल्या माणसांचे दात जाणूनबुजून खराब होऊ दिले, म्हणून हा प्रयोग आज वैद्यकीय नीतीच्या पुस्तकांत वाईट उदाहरण म्हणून शिकवला जातो. त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन जेवणांच्या मधले चिकट गोड सर्वांत घातक, ही आजची शिकवण त्या रुग्णांच्या दातांवर उभी आहे.

गूळ, भाकरी, ऊस : आपल्या ताटाचे काय?

गूळ साखरेपेक्षा चांगला, असे घरोघरी म्हटले जाते. त्यात लोहासारखी खनिजे थोडी असतात हे खरे. पण जंतूंना गूळही साखरच वाटते. चिक्की आणि तिळगूळ तर दाढेच्या खाचांत चिकटून बसतात. संक्रांतीला ते जरूर खावे, जेवणासोबत खावे आणि वर पाणी प्यावे. मधाचेही तसेच.

ज्वारीची भाकरी, वरण, भाजी, पिठले, ठेचा हे जेवण दाताला फारसे त्रासाचे नाही. पिष्टमय पदार्थातूनही आम्ल तयार होते, पण साखरेच्या मानाने सावकाश. शिवाय भाकरी चावावी लागते आणि चावताना लाळ सुटते. पीठ आणि साखर एकत्र असलेले बिस्कीट, टोस्ट, क्रीमरोल यांचा लगदा मात्र दातात अडकून बराच वेळ राहतो. मधल्या वेळी भूक लागली तर फुटाणे, शेंगदाणे, काकडी, पेरू हे चांगले.

ऊस चावताना लाळ भरपूर सुटते, पण रसात साखरच असते. दिवसभर कांडी चघळत राहणे टाळावे. रसवंतीवरचा रस आणि थंड पेये यांत साखर विरघळलेलीच असते. थंड पेयांत आम्लही असते, त्यामुळे दातावर दुहेरी मार बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यास अधिक चांगले. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सुमारे ६ चमचे. प्रत्येकी दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतले की ८ चमचे झाले.

घासायचे कशाने?

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मिलर यांनी आणखी एका प्रश्नावर काम केले. काही लोकांचे दात न किडताही हिरडीजवळ खाचा पडून झिजतात, ते का? त्यांनी दात घासण्याचे प्रयोग केले. खरखरीत दंतमंजन आणि जोराने आडवा घासलेला ब्रश यांनी दाताची मान कापली जाते, असे त्यांना आढळले. हे काम १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

राख, कोळसा, विटेची पूड, मीठ यांनी दात घासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दात लगेच पांढरे दिसतात, पण कवच झिजते आणि पुढे थंड पाणीही झोंबते. तंबाखूच्या मशेरीने ठणका थोडा वेळ दबतो, किडलेले भोक मात्र आत वाढत राहते. विदर्भात टपरीटपरीवर मिळणाऱ्या खर्ऱ्यात सुपारी आणि तंबाखू असते. त्याने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. कडुनिंब किंवा बाभळीची काडी मऊ चावून हलक्या हाताने वापरली तर वरचा लेप निघतो, पण तिच्यातून फ्लोराइड मिळत नाही. लवंगेच्या तेलाने दुखणे कमी वाटते, दात बरा होत नाही.

फ्लोराइड दाताचे कवच आम्लापुढे अधिक टिकाऊ करते. म्हणून फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दाताचा पहारेकरीच नसतो. ३ वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती थुंकायला शिकवावे.

यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. लहानपणी याहून जास्त पोटात गेले तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. हे डाग म्हणजे कीड नव्हे आणि ते घासून जात नाहीत. अशा गावात पाण्याची तपासणी करून घेणे आणि मुलांच्या पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारणे योग्य.

दुधाचे दात पडणारच, मग काळजी कशाला?

ही समजूत सर्वांत महाग पडते. दुधाचे दात कायमच्या दातांची जागा धरून ठेवतात. ते दुखले तर मूल नीट जेवत नाही, झोपत नाही आणि शाळेत लक्ष लागत नाही. तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात लवकर किडतात. बाटलीत साखर घालू नये. गोड औषध दिल्यावर पाणी पाजावे.

सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसल्याने पालक तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते, गेली तर पुन्हा येत नाही. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते, म्हणून ती आधी किडते.

किडीची पहिली खूण म्हणजे हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग. या टप्प्यावर गोड कमी केले आणि फ्लोराइड मिळाले तर कीड थांबू शकते, डाग भरूनही येऊ शकतो. भोक पडल्यावर मात्र दंतवैद्याकडे जावेच लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शासकीय शाळांत येतात. त्यांच्या तपासणीत दातही पाहिले जातात. त्या दिवशी मूल हजर राहील, एवढे पालकांनी पाहावे.

मिलर यांचे पुढे काय झाले?

बर्लिनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ काढल्यानंतर त्यांना मायदेशी बोलावणे आले. ज्या मिशिगन विद्यापीठातून ते शिकून बाहेर पडले होते, तिथल्याच दंत महाविद्यालयाचे अधिष्ठातापद त्यांनी स्वीकारले. ते अमेरिकेत परतले. पण नवे काम हाती घेण्यापूर्वीच आंत्रपुच्छाचा आजार झाला. शस्त्रक्रियेनंतर २७ जुलै १९०७ रोजी ओहायोतील नेवार्क येथे, आपल्या जन्मगावापासून जवळच, त्यांचे निधन झाले. वयाची ५४ वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. जागतिक दंतवैद्यक महासंघाने पुढे त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला.

जंतूविरोधी औषधांचे युग त्यांनी पाहिले नाही, फ्लोराइडचा उपयोगही त्यांना ठाऊक नव्हता. तरी लाळेत बुडवलेल्या दातांवरून त्यांनी जे सांगितले ते महागावच्या घरात आजही तसेच लागू पडते. चहाचे कप कमी करणे, बिस्किटाचा पुडा जेवणाच्या वेळेपुरता ठेवणे आणि रात्री लेकराचे दात स्वतः घासून देणे, यातले एकही काम दंतवैद्याची वाट पाहत थांबत नाही.